दोन न्याहाऱ्या

ल्युंगहोल्म, ३ मार्च १९०८

सन्माननीय एगोन,

तुमच्या कारभाऱ्यांचं पत्र मिळालं. वेन्झेलसाहेबांचं अक्षर अजून इस्त्री केल्यासारखं आहे आणि मजकूरही तसाच. आपल्या टिलीचं झेलेनबुर्गच्या युवराज रुपर्टशी ठरतं आहे, जूनमधे पेन्टेकोस्टच्या सणाला साखरपुडा जाहीर व्हायचा आहे, आणि 'राणीसाहेबांना हे ऐकून संतोष होईल' असं त्यांनी कळवलं आहे. मला कशाने संतोष होतो हे आजवर तेच मला कळवत आले. या वेळी त्यांचा अंदाज साफ चुकला आहे, म्हणून उत्तर त्यांना न लिहिता थेट तुम्हाला लिहिते आहे. तुमच्या घरातून निघाल्यापासून पहिल्यांदाच. दचकू नका.

लग्नाच्या कराराचा मसुदा मी वाचला. दागिने, शेतजमीन, घोडे, त्यातलं मला काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पण नव्या महालातल्या खोल्यांचं जे कलम आहे, त्यावर माझी नजर अडकली. 'न्याहारीसाठी दोन स्वतंत्र दालने. एक युवराजांसाठी, एक युवराज्ञींसाठी.' लग्न अजून व्हायचंय आणि या मुलाला आत्तापासूनच सकाळी बायकोचं तोंड बघायला नको! निदान उघड लिहून तरी देतो आहे, एवढाच त्याचा मोठेपणा.

एगोन, वेगळ्या खोलीतली न्याहारी म्हणजे काय असतं, हे मला कुणी सांगायला नको. हिर्शेनाऊच्या त्या वाड्यात दुपारी आणि संध्याकाळी आपण नेहमी बरोबर जेवलो, हे खरं. पण कसं? तुमच्या उजव्या हाताला मंत्री, माझ्या डाव्या हाताला बिशप, प्रत्येक खुर्चीमागे पांढरे हातमोजे घातलेला माणूस, आणि मधे फुलांची एवढी मोठी परडी की तुमचं कपाळ तेवढं दिसायचं. फक्त सकाळी खोलीत नोकर थांबत नाहीत, नवरा-बायको आपली कॉफी आपण ओतून घेतात, हे मला लग्नाआधीच सांगितलेलं होतं. त्या एका गोष्टीवर मी केवढी आस लावून बसले होते! ती सकाळ मला मिळाली नाही. माझ्या मुलीलाही ती मिळणार नसेल, तर मी त्या कागदावर सही करणार नाही. तुमच्या सहीशेजारी माझी लागते, हा नियम तुमच्याच आजोबांनी केलाय, तेव्हा दोष त्यांना द्या.

आपणही असेच जुळवले गेलो होतो. कोपनहेगनला माझ्या आत्याच्या काचघरात कुंड्यांच्या मधे आपल्याला बसवलं आणि दोन्हीकडची सगळी वडीलधारी मंडळी पलीकडे पत्ते खेळण्याचं सोंग करत बसली. तुम्ही एकोणीस वर्षांच्या मुलीला दलदलीतलं पाणी कालवे खणून कसं काढतात ते समजावत होतात. मी ओठ मिटून ऐकत होते. मग सगळे म्हणाले, छान, जमलं.

टिलीला कुणी विचारलं आहे का? 'तिची संमती आहे' असं वेन्झेल लिहितात. संमती माझीही होती.

थायरा


ल्युंगहोल्म, १९ मार्च १९०८

एगोन,

तुमचं पत्र आलं, तुमच्या हातचं. पाकिटावरचं अक्षर बघून सिग्नेवहिनी पोस्टमनसमोरच म्हणाली, "अगं बाई, एगोनना लिहिता येतं?" ती तशीच आहे. माझा भाऊ गेल्यापासून इथे माहेरी घर तीच सांभाळते आणि तिच्या जिभेला आवर घालणारं आता कुणी उरलेलं नाही.

पत्र मी आधी रागाने वाचलं. दोन खोल्यांचं ते कलम मुलाकडून आलेलं नाही, टिलीनेच घालायला सांगितलं, असं तुम्ही म्हणता. बरं. हे मला समजायला वेळ लागेल. पण त्याच्या पुढचं वाक्य मी बसून वाचलं, मग उभी राहून वाचलं, आणि शेवटी कुत्र्याला वाचून दाखवलं.

'मला त्यात वावगं वाटलं नाही. आपल्या घरात दोन न्याहाऱ्यांचा पायंडा तुम्हीच पाडलात. पहिल्या दिवसापासून माझ्या शेजारी तुमची खुर्ची मांडलेली असे. तुम्ही आला नाहीत.'

कोणती खुर्ची, एगोन?

तुम्हाला माझी ती पहिली सकाळ सांगते. आजवर कुणाला सांगितलेली नाही, कारण त्यात माझी शोभा झाली असं मला वाटत आलं. मी निळ्या खोलीत पहाटेच उठून बसले. केस बांधले, तो करड्या रंगाचा पोशाख घातला, आणि दाराकडे तोंड करून खुर्चीच्या अगदी कडेला बसले, म्हणजे तुम्ही आलात की पटकन उठता येईल. आमच्याकडे पहिल्या सकाळी नवरा स्वतः येतो, हात पुढे करतो आणि नवरीला टेबलापर्यंत घेऊन जातो. तो आल्याशिवाय ती जात नाही. आपण होऊन गेली, तर म्हणतात, ही नवऱ्यासाठी नाही, खाण्यासाठी आली. आईने मला निघताना दोनदा बजावलं होतं. "थायरा, तुला भूक आवरत नाही, मला माहीत आहे. पण त्या दिवशी आवर."

मी आवरली. बाहेर पावलं वाजायची, मी उठायची, पावलं पुढे जायची, मी बसायची. बऱ्याच वेळाने दार वाजलं आणि दासी तबक घेऊन आत आली. कॉफी, पाव, मध, उकडलेलं अंडं, सगळं एका माणसाचं. मला वाटलं, तुम्ही पाठवलंत. म्हणजे 'तुमचं तुम्ही इथेच खा' असा निरोप. मी त्या अंड्याकडे बघून रडले, आणि मग खाल्लंही, कारण भूक लागलीच होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. पुन्हा तबक. एके दिवशी मी पोशाख बदलून घरातला झगा घातला आणि तबक बिछान्यातच मागवलं. तुम्ही त्याला पायंडा म्हणता.

तेव्हा मला सरळ सांगा, ते तबक तुम्ही पाठवत होतात की नाही?

थायरा

ता. क. सिग्नेवहिनी दाराआडून ऐकत होती. ती म्हणते, "दोघंही ठार वेडे." मी तिला म्हटलं, तुझं मत मागितलेलं नाही.


ल्युंगहोल्म, ८ एप्रिल १९०८

प्रिय एगोन,

'प्रिय' लिहिल्यावर लेखणी थांबली होती. आता लिहिलं आहे तर राहू दे.

म्हणजे हिर्शेनाऊत घरच्या बाईला जेवायला बोलवत नाहीत. बोलवायचं ते पाहुण्यांना. जिचं घर आहे तिला 'या, बसा' म्हणणं म्हणजे तू इथली नाहीस असं सांगणं. तुमच्या आईला एकदा एका नव्या नोकराने 'राणीसाहेब, टेबल तयार आहे' म्हटलं तर त्या दिवसभर जेवल्या नाहीत. हे सगळं तुम्ही आज लिहिता! आणि तुम्ही माझा मान राखण्यासाठी तिथे बसून राहिलात. कॉफी गार होईपर्यंत. हात न लावता.

तबकाचा उलगडा तर त्याहून भारी. तुम्ही लोसाबाईंना विचारलंत हे फार बरं केलंत. दरबारातल्या त्या थोरल्या बाईंची मला कायम धास्ती वाटायची, आणि त्या काय म्हणतात? 'नवी नवरी इतक्या उशिरापर्यंत उपाशी, मला बघवेना, म्हणून तबक दिलं.' बिचारीला दया आली! दुसऱ्या दिवशीही आली. आणि हिर्शेनाऊत एखादी गोष्ट दोनदा झाली की तो नियम होतो, तिसऱ्या दिवसापासून त्या तबकासाठी वेगळा माणूस नेमला गेला. तुम्हाला वाटलं मी मागवलं, मला वाटलं तुम्ही पाठवलं, आणि खरं विचाराल तर ते तुमच्यात आणि आमच्यात दोन्हीकडे शिष्टाचाराला धरून नव्हतं. यात एकही माणूस दुष्ट नाही, हेच मला सहन होत नाही. कुणावर तरी ओरडावंसं वाटतं आहे.

गेले काही दिवस मी जुन्या गोष्टी काढून काढून बघते आहे, थंडीचे कपडे उन्हात घालावेत तशा. निळ्या खोलीतली शेगडी. पहिल्याच हिवाळ्यात ती बदलून मोठी बसवली होती. मला वाटलं होतं, सगळ्याच खोल्यांमधे बसवत असतील. आता आठवतं, तुमच्या खोलीत तुम्ही कोट घालून लिहायचात. दर शुक्रवारी ताटात खारवलेली हेरिंग मासळी यायची, समुद्र इतका लांब असून. मला वाटायचं, स्वैपाक्याला आवडत असेल. तो तर समुद्र नसलेल्या सॅक्सनीचा होता, त्याला मासळीचा वासही सोसायचा नाही. सांगा, ती कुणी सांगितली होती? नका सांगू. मला कळलं आहे.

आणि आता माझं ऐका. काचघरातली ती दलदल मला कंटाळवाणी वाटली नव्हती. तुम्ही बोलता बोलता पाण्याचा पेला सांडलात आणि त्या ओल्या टेबलक्लॉथवर बोटाने कालवे काढून दाखवलेत. कानशिलं लाल झाली होती तुमची. मला इतकं हसू येत होतं आणि इतकं बरं वाटत होतं! पण आईने सांगितलं होतं, हसलीस की हिरड्या दिसतात. म्हणून ओठ मिटून बसले. तुम्ही आता लिहिता की त्या मिटलेल्या ओठांमुळे तुम्ही मला पुन्हा कधी दलदलीबद्दल बोलला नाहीत. एगोन, मी त्या कालव्यांवर नावेतून जायची वाट बघत होते.

आता मी निघाले त्या दिवसाचं. भाऊ आजारी पडला तेव्हा मी तुमच्याकडे येऊन म्हणाले, "थोडे दिवस जाऊन येते." तुम्ही खिडकीपाशी होतात. म्हणालात, "जशी तुमची इच्छा." माझी इच्छा! बग्गीच्या पायरीवर मी हातमोज्याचं बटण उगाच काढून पुन्हा लावलं, तुम्हाला तेवढा वेळ मिळावा म्हणून. तुम्ही टोपी काढून उभे राहिलात. मग महिन्याभरात माझ्या सगळ्या पेट्या इथे आल्या. फरचे कोट, लोकरी मोजे, बर्फावर घसरायचे बूटसुद्धा. मी सिग्नेवहिनीला म्हटलं, "झालं. घर आवरून टाकलं त्यांनी." आणि परत यायचं नाही असं त्या पेट्यांवर बसून ठरवलं.

तुम्ही लिहिता, 'तुमच्या माहेरच्या जटलंडचा वारा मला ठाऊक होता, आणि तुम्ही एक शाल घेऊन गेला होतात. पेट्या भरताना मी स्वतः उभा होतो. फ्योर्डची खाडी गोठते असं तुम्ही एकदा बोलला होतात, म्हणून ते बूट.'

ते बूट मी दर हिवाळ्यात घातले. रागाने घातले, पण घातले. हे सांगायचं राहिलं होतं.

तुमची थायरा


ल्युंगहोल्म, २ मे १९०८

प्रिय एगोन,

टिली ईस्टरपासून इथे आहे. तुम्ही तिला पाठवलंत म्हणून आभार. आता नीट बसून वाचा, कारण आपल्या दोघांच्या गमतीजमती पुरे झाल्या, हे प्रकरण तिच्या अंगाशी आलं आहे.

मी तिला आल्या आल्या काही विचारलं नाही. काल ती स्वैपाकघरात सिग्नेवहिनीशेजारी बसून बिअरमधे शिजवलेल्या पावाची पेज खात होती, तेव्हा विषय काढला.

"टिली, ते न्याहारीच्या दोन खोल्यांचं तू घालायला सांगितलंस?"

"हो. का?"

"तुला त्याच्याबरोबर बसायचं नाही?"

"मम्मा, त्यात बसायचं न बसायचं काय? सगळेच वेगवेगळी करतात."

"कोण सगळे?"

"तू आणि पपा."

"आणखी कोण?"

ती चमचा धरून विचार करत राहिली. मग म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या घरी मी सकाळी कधी होते?"

सिग्नेवहिनी म्हणाली, "कर्म माझं!" आणि पातेलं घेऊन बाहेर गेली, ती कधी नव्हे ते खरंच गेली.

तुम्हाला ठाऊक होतं का एगोन, की आपली मुलगी लहानपणी रोज दोन न्याहाऱ्या करायची? आधी तुमच्याकडे मध-पाव, मग धावत माझ्याकडे येऊन पुन्हा मध-पाव. "म्हणून तर मी अशी गोल झाले," म्हणते. मी समजत होते की ती उपाशीच माझ्याकडे येते. तुम्हीही तेच समजत होतात.

"पपा रोज विचारायचे, मम्माला झोप लागली का? मी सांगायचे, हो. मग तू विचारायचीस, पपा आज काय वाचत होते? मी सांगायचे, पेपर."

"आणि यातलं तू आम्हाला एकमेकांना कधीच सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं होतं? तुम्ही दोघं इतकं विचारायचात, की मला वाटायचं तुमचं छान चाललंय. चांगल्या नवरा-बायकोंचं असंच असतं, असं वाटायचं. मी तेरा वर्षांची झाले आणि तू गेलीस, तेव्हा मला खरंच काही कळलं नाही, मम्मा."

ती रडली नाही. मी रडले. चूक आपली, आणि शिकली ती.

आता रुपर्टचं. तो तिला आवडतो, एगोन. मनापासून आवडतो. बोलताना अडखळतो, कुत्र्यांशी मात्र न अडखळता बोलतो, आणि शिकारीला जाऊन सशावर बंदूक रोखली की दरवेळी शिंकतो, असं ती सांगत होती आणि सांगताना तिचा चेहरा बघायला हवा होतात. तिला वाटलं, चांगली बायको नवऱ्याला निवांत सकाळ देते, म्हणून तिने आपणहून ते कलम घातलं. लग्नाची भेट म्हणून! आणि त्याने ते वाचल्यापासून तो बदलला. भेटला की वाकून नमस्कार करतो, हवापाण्याचं बोलतो. त्याच्या आईने वेन्झेलना लिहिलं आहे की मुलीला सहवास नकोसा असेल तर अजून काही बिघडलेलं नाही, जाहीर होण्याआधीच थांबू. हे वेन्झेलनी तुम्हाला दाखवलं आहे का?

"तू त्याला विचारलंस का, काय झालं म्हणून?"

"विचारलं ना. म्हटलं, त्या व्यवस्थेबद्दल तुमची काही हरकत नाही ना?"

"मग?"

"म्हणाला, जशी तुमची इच्छा."

एगोन, माझ्या हातातला पेला खाली पडला. फुटला नाही, आपल्या वहिनीची भांडी दणकट आहेत.

मग मी तिला सगळं सांगितलं. करडा पोशाख, तबक, खुर्ची, पेट्या, सगळं. ती म्हणाली, "पण मम्मा, एकत्र बसून लोक सकाळी बोलतात तरी काय? मी कधी बघितलंच नाही."

मीही बघितलेलं नाही.

तेव्हा असं ठरलं आहे. रुपर्टला सणाच्या आधी दोन-तीन दिवस हिर्शेनाऊला बोलवा. एकट्याला. मंत्री नकोत, बिशप नकोत, त्याची आई तर मुळीच नको. सकाळी तो, टिली आणि तुम्ही एका टेबलाला बसा. आणि मी टिलीबरोबर येते आहे. येऊ का असं विचारत नाही. घरच्या बाईला बोलवायचं नसतं, असं तुम्हीच लिहिलं आहे. मी कुणाच्या बोलावण्याची वाट बघत नाही.

तुमची थायरा


हिर्शेनाऊ, ८ जून १९०८

प्रिय एगोन,

तुम्ही खाली बागेत आहात. खिडकीतून तुमची टोपी दिसते. एकाच घरात राहून पत्र लिहिते आहे म्हणून हसू नका, कारण आहे.

आधी चांगलं ते. इथे आल्यावर पहिल्या सकाळी मी जिना उतरून आले. पंचेचाळिशीकडे झुकलेली बाई मी, मुलगी लग्नाची, आणि न्याहारीच्या खोलीत शिरताना नव्या नवरीसारखी घाबरले. तुम्ही उठलात. खुर्ची तुमच्या डाव्या हाताला होती, मी बसले. मग कॉफी कुणी ओतायची हे कुणालाच कळेना. नोकर बाहेर, आपल्याला सवय नाही, टिली तुमच्याकडे बघतेय, रुपर्ट टेबलाकडे. शेवटी रुपर्टनेच ओतली आणि अर्धी बशीत सांडली. त्या सांडलेल्या कॉफीने वाचवलं आपल्याला.

टिली एकदम म्हणाली, "रुपर्ट, ते दोन खोल्यांचं कलम मी घातलं होतं. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

"मला? म... मला वाटलं, सकाळी सकाळी माझं तोंड तुम्हाला बघवणार नाही. आई म्हणते, मी उठतो तेव्हा भ... भुतासारखा दिसतो."

"मला ते भूत बघायचंय. रोज."

तो इतका लाल झाला की मला काचघर आठवलं. तुम्ही मधाची बरणी पुढे सरकवलीत आणि म्हणालात, "वेन्झेलना सांगतो, ते कलम खोडायला." बस्स, एवढंच. पण त्यावर टिली हसली, चांगली मोकळी, हिरड्या दिसतील अशी. माझ्या हिरड्या आहेत तिला. मी तिला मिटून घे म्हणाले नाही. त्याच दिवशी मी करारावर सही केली.

आता माझं. काल साखरपुड्याच्या मेजवानीला तुमच्या डाव्या हाताला मला बसवलं होतं. समोर तीच फुलांची परडी, मागे वाजंत्री, ढोल तर इतके की बिशपांची कवळी हलत होती. इतके दिवस आपण टिली-रुपर्टचंच बोलत राहिलो, आपलं नाही. मला वाटलं, या गोंगाटात बोलून टाकावं, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही. मी तुमच्याकडे वळले आणि बोलले. सगळं बोलले. आयुष्यात एवढं सलग कुणाशी बोलले नव्हते. बोलताना माझा आवाज फाटला, तरी थांबले नाही.

तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात, हसलात, आणि म्हणालात, "हो, हरीण जरा जास्तच शिजलंय."

एगोन, मी ताटातलं ते हरीण शेवटपर्यंत खाल्लं. दुसरं काय करणार होते? मला वाटलं, हेच तुमचं उत्तर. सभ्य माणसाचं उत्तर. आज सकाळी उठून मी पेट्या भरायला घेतल्या. डोळे कोरडे ठेवून भरत होते. टिली आत आली.

"हे काय गं?"

"निघते आता. तुझं ठरलं, माझं काम झालं."

"पपा काही म्हणाले का?"

"म्हणाले. हरणाबद्दल."

मग मी तिला सांगितलं. ती मटकन पेटीवरच बसली.

"मम्मा, तू त्यांच्या डाव्या बाजूला बसली होतीस."

"मग?"

"पपांचा डावा कान गेलाय. दोन वर्षं झाली. त्या बाजूने तोफ सुटली तरी कळत नाही त्यांना. कुणी बोललं की ते हसतात आणि समोरच्या ताटाबद्दल काहीतरी म्हणतात. तुला कुणीच सांगितलं नाही?"

कोण सांगणार? तुम्ही नाही सांगितलंत. इतकी पत्रं लिहिलीत, खुर्चीबद्दल लिहिलंत, लोसाबाईंबद्दल लिहिलंत, आणि कानाबद्दल एक ओळ नाही! आणि मी इतके दिवस रोज सकाळी त्या कानाशेजारी बसून काय काय बोलत होते, देव जाणे. तुम्ही हसत होतात आणि मधाचं कौतुक करत होतात. मला वाटलं, माणूस किती शांत झाला आहे वयाने. एगोन, तुम्ही ऐकतच नव्हतात!

तासभर मी तुमच्यावर भयंकर चिडले होते. मग आठवलं, की मी हिरड्या लपवल्या आणि तुम्ही कान लपवलात, आपण एकाच शाळेतले. पण आता पुरे. मी कंटाळले आहे या सभ्यपणाला.

म्हणून काल जे बोलले ते लिहून देते. मी म्हणाले, मला ल्युंगहोल्मला परत जायचं नाही. तिथे मला काही कमी नाही, वहिनी आहे, कुत्रा आहे, पण रोज संध्याकाळी एखादी गोष्ट घडली की ती तुम्हाला सांगावी असं वाटतं आणि तुम्ही नसता. तुमच्याबरोबर राहताना वाटायचं, आणि सोडून गेल्यावर जास्त वाटायचं. मी म्हणाले, तुमच्यावर माझं प्रेम आहे, तेव्हाही होतं, आणि तुम्ही मला कधी थांब म्हणाला नाहीत म्हणून मी इतकी वर्षं फुकट घालवली. माझी तरुण वर्षं. तुमचीही. ती परत मिळणार नाहीत हे मला कळतं, आणि त्याबद्दल मी तुम्हाला पूर्ण माफ केलेलं नाही, स्वतःलाही नाही. पण जी उरली आहेत ती मला इथे हवी आहेत. मी म्हणाले, एगोन, मला थांब म्हणा.

एवढं बोलले होते मी, हरणाच्या आधी.

पेट्या अर्ध्या भरलेल्या आहेत. तशाच ठेवल्या आहेत, काढल्याही नाहीत. हे पत्र मी कुणाच्या हातून पाठवणार नाही. आत्ताच जिना उतरून बागेत येते, तुमच्या हातात देते, आणि तुम्ही वाचून संपवेपर्यंत तुमच्या उजव्या बाजूला उभी राहते. 'जशी तुमची इच्छा' एवढं सोडून काहीही म्हणा. पण उत्तर लिहू नका. माझे दोन्ही कान शाबूत आहेत.

थायरा